किराण्याला इंडेक्स टू नसतो

डिसेंबर २०१२ मध्ये कराडला माझं लग्न झालं. त्याआधी सप्टेंबरात आमच्या घरी याद्या झाल्या. कार्यालय कोण घेणार, जेवणं कुणाकडे, मानपान किती, सोनं कुणी किती घालायचं हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी एका कागदावर लिहिलं, कागदाला हळदकुंकू लावलं, सह्या केल्या. आमचे आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी तो कागद एका निळ्या वहीत चिकटवला आणि पुढचा प्रत्येक खर्च त्याच वहीत लिहिला. सोनाराची पावती, मंडपवाल्याची उचल, पतसंस्थेकडून काढलेलं दोन लाखांचं कर्ज, त्याचे हप्ते. शेवटचा हप्ता मे २०१६ मध्ये फिटल्याची नोंद आहे. माझी मुलगी तेव्हा एक वर्षाची होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. भांडणांबद्दल मी इथे लिहिणार नाही. मुलीचे बाबा वाईट माणूस नाहीत, आणि ती मोठी झाल्यावर हे वाचेल. मला पैशांबद्दल लिहायचं आहे. त्या दीड वर्षात मी ज्या ज्या बाईकडे विचारायला गेले तिने मला धीर दिला, देवाचं सांगितलं, मन घट्ट कर म्हणाली. हिशोब कसा मांडायचा हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मी तो मांडला, चुकत चुकत मांडला. तसा तो मांडायची वेळ ज्या बाईवर आली असेल तिला काहीतरी हाताशी मिळावं म्हणून हे लिहिते आहे.

फेब्रुवारी २०२३ पासून आम्ही वेगळे राहत होतो. वर्षभराने मी वकीलबाईंकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, घर कुणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, आमच्या दोघांच्या. त्या म्हणाल्या, इंडेक्स टू आणा.

इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा. आम्ही २०१४ मध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा तो कागद घरात आला असणार, पण मी तो कधी हातात घेतला नव्हता. आता काढून पाहिला तर ‘दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव’ या रकान्यात एकच नाव होतं आणि ते माझं नव्हतं. मला आठवत होतं की मी बँकेत बसून वीस-पंचवीस पानांवर सह्या केल्या होत्या. त्या सह्या कर्जाच्या कागदांवर होत्या. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर ३८ लाखांचं कर्ज बसत नव्हतं, म्हणून माझा पगार जोडला होता. म्हणजे कर्जाला मी होते आणि घराला नव्हते. दहा वर्षं मी त्या घराच्या उंबऱ्यावर रांगोळी काढली आणि मला हे माहीत नव्हतं. यात त्याने ठरवून काही केलं असं मला आजही वाटत नाही. बिल्डरच्या ऑफिसात बुकिंग त्याने केलं, म्हणून करारनामा त्याच्या नावाने झाला, आणि कुणीच दुसरा विचार केला नाही. मीही केला नाही.

वकीलबाईंनी मग कायदा समजावून सांगितला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याने लग्न झालं म्हणून नवरा-बायकोची मिळकत एक होत नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. बायकोला राहण्याचा हक्क मिळू शकतो, पोटगी मिळू शकते, पण घरात वाटा आपोआप मिळत नाही. लग्नानंतर घेतलेल्या मिळकतीत बायकोला हिस्सा देणारं एक विधेयक २०१० मध्ये आलं होतं, २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं, पण पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि ते तिथेच संपलं.

माझ्या ऑफिसात फोंड्याची एक मैत्रीण आहे. तिला हे ऐकून धक्काच बसला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून आलेल्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरली जाते आणि दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. तिच्या भावाने प्लॉट विकला तेव्हा वहिनीला सहीला जावं लागलं होतं, प्लॉट भावाच्या नावावर असूनही. ती म्हणाली, “तुमच्याकडे बायकोची सही लागतच नाही?” पुण्याहून फोंडा असं किती लांब आहे? रात्रीच्या बसने निघालं तर सकाळी पोचतो आपण.

तर घर त्याच्या नावावर, आणि हप्ताही त्याच्याच खात्यातून. महिन्याला साधारण ३६,७०० रुपये. हप्ता त्याने भरायचा आणि घरखर्च मी चालवायचा, असं आमचं पहिल्यापासून ठरलं होतं. त्यात मला तेव्हा काहीच वावगं दिसलं नाही. गृहकर्जावरची प्राप्तिकराची सवलत त्याला जास्त उपयोगी पडायची, हेही कारण होतं. दोघं मिळून एकच संसार चालवतोय, कुठल्या खिशातून काय गेलं हे कोण बघतं? पण संसार मोडताना तेवढंच बघितलं जातं. त्याच्या पैशाचं घर झालं होतं, त्याचा भाव वाढला होता, त्यावर नाव होतं. माझ्या पैशाचं तांदूळ, डाळ, तेल, दूध, गॅस, कामवाल्या मावशींचा पगार, पाळणाघर, शाळेची फी, सासूबाईंची बीपीची औषधं झालं होतं. वकीलबाई म्हणाल्या, “अहो, किराण्याला इंडेक्स टू नसतो.” हे त्यांनी हसून सांगितलं नाही. त्यांनी अशा पुष्कळ बायका पाहिल्या होत्या.

त्यांनी मला एक नमुना दिला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही मालमत्तेचं आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं सांगितलं, त्या निकालाला जोडलेला हा नमुना. पगार, खर्च, बचत, दागिने, विमा, कर्ज, मुलांचा खर्च, सगळे रकाने त्यात आहेत. आमचं प्रकरण संमतीचं असल्याने ते भरणं आम्हाला सक्तीचं नव्हतं. तरी वकीलबाई म्हणाल्या, आधी दोघांनी हे भरा, मग आकड्यांवर बोलू. तो तयार झाला, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

मी दोन महिने रोज रात्री मुलगी झोपल्यावर बसायचे. जुनी स्टेटमेंट बँकेने पैसे घेऊन काढून दिली. २०१६ च्या आधीचं पुष्कळसं एटीएममधून काढलेलं रोख होतं, त्याचा पत्ता लागेना. तेव्हा एक युक्ती केली. पगाराच्या तारखेनंतर काढलेली ठरावीक रक्कम घरखर्चाची धरली आणि बाकी सोडून दिली. पुढे यूपीआय आल्यावर सोपं झालं, दूधवाल्याचं नाव दिसतं, शाळेचं दिसतं. साधारण १०५ महिन्यांची नोकरी, त्यात घरासाठी गेलेले पैसे झाले २९ लाखांच्या आसपास. त्याने त्याच काळात भरलेले हप्ते ४४ लाख. त्याचा पगार माझ्या दीडपट होता, शेवटी शेवटी अडीचपट. पगाराच्या मानाने बघितलं तर मी कमी घातलेले नव्हते. हा आकडा एक्सेलच्या तळाशी आला त्या रात्री मी खूप रडले. पहिल्यांदा मला माझे दहा वर्षांचे कष्ट एका ओळीत लिहिलेले दिसले होते.

त्यात जे येत नव्हतं तेही होतं. मुलगी झाल्यावर मी दोन वर्षं तीन महिने नोकरी सोडली होती. परत लागले ती आधीपेक्षा कमी पगारावर. माझ्याबरोबर लागलेली, मध्ये न थांबलेली मैत्रीण आज ८० हजारांवर आहे आणि मी ५२ हजारांवर. तडजोडीच्या पहिल्या बैठकीत त्याचे काका सहज बोलून गेले, “दोन वर्षं तर ती घरीच होती.” मी दुसऱ्या बैठकीला केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीचा कागद घेऊन गेले. स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. शिवाय मद्रास उच्च न्यायालयाचा जून २०२३ चा निकाल वकीलबाईंनी ठेवला होता. घर सांभाळणाऱ्या बायकोचाही नवऱ्याने कमावून घेतलेल्या मिळकतीत हातभार असतो, असं त्यात म्हटलं आहे. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही हे त्यांनी समोरच्यांनाही सांगितलं. पण काकांनी तो पूर्ण वाचला आणि नंतर ते वाक्य पुन्हा काढलं नाही.

सोन्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

माझ्या माहेरहून अकरा तोळे घातले होते. त्यातले आठ तोळे २०१४ मध्ये फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरताना मोडले. पाटल्या, दोन हार, आणि आजीच्या पुतळ्या. तेव्हा तोळ्याला २८ हजारांच्या आसपास भाव होता, सव्वादोन लाखांच्या जवळपास आले. समोरून म्हणणं आलं की हे सव्वादोन लाख आम्ही परत देतो. वरवर पाहिलं तर हे न्याय्य वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. पण त्या सव्वादोन लाखांचं जे घर झालं ते दहा वर्षांत ४८ लाखांवरून ७८ लाखांवर गेलं होतं, आणि सोनं तोळ्याला सत्तरी ओलांडून बसलं होतं. दोन्हीकडची वाढ त्यांच्याकडे राहणार आणि मला २०१४ चा आकडा मिळणार! मी म्हटलं, मला रुपये नकोत. वजनाला वजन द्या. आठ तोळे नेले, आठ तोळे द्या.

इथे आण्णांची वही कामाला आली. सोनाराच्या पावतीवर प्रत्येक दागिन्याचं वजन होतं, पुतळ्यांचंसुद्धा, कारण आण्णांनी आजीच्या पुतळ्याही सोनाराकडून वजन करून घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणीच्या खटल्यात स्त्रीधन हे पूर्णपणे बाईचं असतं आणि नवऱ्याकडे ते फक्त सांभाळायला असतं, असं सांगून ठेवलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका बाईच्या प्रकरणात पुन्हा तेच सांगितलं. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची राहते. त्या बाईला ८९ पवन (केरळातलं सोन्याचं माप, साधारण आठ ग्रॅम) सोन्यापोटी २५ लाख रुपये द्यायला लावले. वकीलबाईंनी हे सगळं मांडलं. तो गप्प होता. मग म्हणाला, “पुतळ्या मोडायला मी नको म्हटलं होतं.” ते खरं होतं. त्याने नको म्हटलं होतं, मीच म्हटलं होतं की घर आपलं आहे.

आमची तिसरी बैठक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती. २३ जुलैला अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं आणि दोन-तीन दिवसांत सोनं तोळ्यामागे चार-पाच हजारांनी उतरलं. बैठकीत त्यानेच सांगितलं, वजनाने देतो. त्याच आठवड्यात त्याने आठ तोळ्यांची नाणी घेतली, पावतीसकट माझ्या वकीलबाईंकडे ठेवली. भाव उतरला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्याने शब्द दिला आणि पाळला.

बाकीचं त्यानंतर लवकर सुटलं. कर्ज वजा जाता घराची किंमत ५२ लाखांच्या आसपास धरली. मी निम्मे मागितले होते, ठरले सतरा लाख. अर्धे पैसे अर्ज दाखल करताना, अर्धे शेवटच्या जबाबाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने. माझ्यासाठी दरमहा पोटगी नको, एकरकमीच हवी, हे मी ठरवलं होतं. दरमहाची रक्कम थकली की तिच्या वसुलीसाठी पुन्हा कोर्टात चकरा माराव्या लागतात. शिवाय दरमहाची पोटगी घेणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते आणि एकरकमी धरली जात नाही. प्रतापगडच्या महेश्वरी देवींच्या प्रकरणातला मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल सीए त्यासाठी अजूनही दाखवतात. दुसरीकडे मुलीसाठी मी दरमहाचीच मागितली, कारण तिचा खर्च वर्षागणिक वाढणार. १५ हजार, दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ, दहावीपर्यंतची फी त्याने थेट शाळेत भरायची. वाढीचं कलम पहिल्या मसुद्यात नव्हतं. ते घालायला मी हट्ट धरला. नऊ वर्षांची मुलगी अठराची होईपर्यंत १५ हजारांत काय येईल, हे वाण्याच्या दुकानात उभं राहणाऱ्या बाईला बरोबर कळतं. तिच्या सुकन्या समृद्धी खात्यात तो वर्षाला ५० हजार भरत राहील, हेही लिहून घेतलं. आईबापांनी आपसात काहीही ठरवलं तरी मुलाचा पोटगीचा हक्क त्यांना सोडून देता येत नाही, ही गोष्ट वकीलबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितली.

सप्टेंबरात अर्ज दाखल झाला. घटस्फोटाच्या दाव्यात बायकांना महाराष्ट्रात कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क म्हणून उभा राहू शकत नाही, परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, तोही दिला. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण २०१७ च्या अमरदीप सिंग निकालामुळे, दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिलेले असतील आणि पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असेल, तर न्यायाधीश तो काळ माफ करू शकतात. आमचं त्यात बसत होतं.

समुपदेशक बाईंनी आम्हाला आधी एकत्र आणि मग वेगवेगळं बोलावलं. मला विचारलं, पैशासाठी कुणी दबाव आणलाय का, कमी रकमेला तयार व्हायला कुणी सांगितलंय का? मी नाही म्हटलं. त्यांनी सतराचा आकडा कसा आला ते विचारलं. मी एक्सेलची प्रिंट पुढे केली. त्यांनी ती शांतपणे चाळली, मधल्या एका पानावर थांबल्या. “पाळणाघर वेगळं लिहिलंत ते बरं केलंत,” एवढंच बोलल्या. त्या एका वाक्याने मला किती बळ आलं ते मी सांगू शकत नाही.

शेवटच्या दिवशी पुकारा दुपारी झाला. न्यायाधीशांनी विचारलं, मुलगी कुणाकडे आहे, भेटीचं काय ठरलं, स्त्रीधन मिळालं का, काही घेणं राहिलं आहे का? दुसरा ड्राफ्ट तिथेच हातात आला, तो मिळाल्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, मी सही करून दिली. दहा मिनिटं लागली असतील. बाहेर जिन्यावर तो म्हणाला, “तिला शनिवारी आणायला येतो.” मी हो म्हटलं.

मला वाटलं होतं हे संपलं. ते बँकेत संपायचं होतं. कोर्टाचा हुकूम आमच्या दोघांवर बंधनकारक, पण बँक त्यात पक्षकार नव्हती. कर्जाच्या कागदावर मी अजून सहकर्जदारच होते. त्याचा एखादा हप्ता चुकला असता तर माझा सिबिल स्कोअर खाली आला असता, आणि मला स्वतःसाठी छोटं घर घ्यायचं तर हे २६ लाखांचं कर्ज माझ्याच डोक्यावर दिसत राहिलं असतं. आम्ही संमतीच्या अटींत तीन महिन्यांत माझं नाव काढायचं कलम घातलं होतं, म्हणून त्याला हालचाल करावी लागली. बँकेने त्याच्या एकट्याच्या पगारावर पात्रता पुन्हा तपासली, नवीन कागद केले. मार्च २०२५ मध्ये माझं नाव काढल्याचं पत्र आलं. कलम नसतं तर ते आलं असतं का, मला शंका आहे. कुणी हे वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल तर हे कलम लक्षात ठेवा. त्याच महिन्यात भविष्यनिर्वाह निधीचं नामांकन बदललं, ऑफिसच्या आरोग्यविम्यात नाव दुरुस्त केलं, लॉकर बंद केला. प्रत्येक ठिकाणी हुकुमाची प्रमाणित नक्कल मागतात, चार नकला आधीच काढून ठेवल्या ते बरं झालं.

यंदा मे महिन्यात माझ्या काकांच्या धाकट्या मुलीच्या याद्या कराडला झाल्या. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, स्वभावाने चांगला आहे. कार्यालय, जेवणं, आहेर, सोनं, सगळं नेहमीसारखं लिहून झालं. मी विचारलं, पुढे घर घेतलं तर दोघांच्या नावावर घ्याल ना? तेही लिहायचं का? सगळे गप्प झाले. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला समजलं की शुभकार्यात माझ्या तोंडून हे आलेलं त्यांना रुचलं नाही. काकांनी चहा आणायला सांगितला. कागदावर ते आलं नाही.

रात्री गच्चीवर बहीण माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “ताई, ते पुढच्या वर्षी बुकिंग करणार आहेत. कर्जाला माझा पगार जोडायचाय. मी काय बघून सही करायची?” मी तिला सांगितलं की २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे आधी त्याला सांग, त्यावर तुमचं बोलणं सुरू होईल. मग मोबाइलमध्ये ठेवलेला माझ्या त्या फ्लॅटचा इंडेक्स टू उघडला आणि करून घेणाऱ्या पक्षकाराच्या नावाचा रकाना कुठे असतो ते तिला दाखवलं. तिने त्याचा फोटो काढून घेतला.